स्ट्रीट फायटर ६ : हरलो की डोकं तापतं ते तापतंच, तुम्ही हरणं पचवायला कसं शिकलात?

बोरिवली_रयू

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत स्ट्रीट फायटर ६ घेतला. त्याआधी फायटिंग गेम म्हणजे मित्राच्या घरी टेकनमध्ये सगळी बटणं एकदम दाबायची एवढंच ठाऊक होतं. रयू हा प्लेयर घेतला, क्लासिक कंट्रोल, हडोकेन (त्याचा हातातून सोडायचा गोळा) मनात येईल तेव्हा निघायला दोन आठवडे लागले पण मग अशी मजा यायला लागली की विचारू नका. आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड करत मे महिन्यात प्लॅटिनम रँकला पोचलो, त्या रात्री आनंदाने झोप लागली नव्हती.

आता गेले दोन महिने प्लॅटिनम ३ ला चढतो आणि घसरून १ ला येतो, परत चढतो, परत घसरतो. ऑफिस अंधेरीला, घरी यायला साडेआठ होतात, जेवणं उरकून सगळे झोपले की साडेदहाला हॉलमध्ये हेडफोन लावून बसतो. दिवसातला तेवढाच दीड-दोन तास माझा स्वतःचा असतो आणि तोच वेळ आता सगळ्यात वाईट जातो.

परवा ओळीने ११ मॅच हरलो. शेवटची केन खेळणाऱ्याशी होती. माझी लाइफ त्याच्यापेक्षा जास्त, एक चांगला कॉम्बो लागला असता तर संपला असता तो. मी कॉर्नरमध्ये, त्याने थ्रो मारला, म्हणजे धरून आपटलं, उठलो, परत थ्रो, परत उठलो आणि श्योर्युकेन (वर उडून मारायचा पंच) मारला, त्याने नुसता ब्लॉक धरून ठेवला होता, मी वरून खाली येतोय आणि तो खाली उभा आहे वाट बघत, पूर्ण कॉम्बो, वर सुपर, झालं. मी कंट्रोलर सोफ्यावर आपटला, तो उसळून फरशीवर पडला, आता डावी स्टिक हात न लावता वर सरकते. आवाजाने आई उठून आली, म्हणाली कोणाशी भांडतोयस रे एवढ्या रात्री, आणि मी तिच्यावरच ओरडलो. सकाळी ती काहीच बोलली नाही. डबा रोजच्यासारखा भरून ठेवला होता. बोरिवली ते अंधेरी गाडीत दुसरं काही सुचलं नाही मला.

सगळे सांगतात हरणं स्वीकार, हरण्यातून शिक. ऐकायला बरं वाटतं पण म्हणजे नेमकं करायचं काय? राग यायलाच नको का? क्रिकेटमध्ये हरलो तर वाटून घ्यायला अकरा जण असतात, इथे मी एकटा आणि समोर तो. गेम सोडायचा नाहीये, मनापासून आवडतो मला. म्हणूनच विचारतोय.

मुलुंडची_गीफ

आधी आईला सॉरी म्हण, पुढचं नंतर वाच.

म्हणालास? बरं. मी झँगिफ खेळते, मास्टर रँकला आहे, एमआर (तिथले पॉइंट) १५०० च्या खालीवर होत असतो. हे एवढ्यासाठी सांगतेय की तू जिथे आहेस त्या प्लॅटिनममध्ये मी चार महिने काढलेत, रडलेय पण एकदा, खोटं कशाला बोलू.

माझ्यापुरतं मला काय कळलं ते सांगते. हरल्याचा राग फार टिकत नाही, का हरलो ते कळलं नाही याचा राग टिकतो. नीट आठवून बघ. ज्या मॅचमध्ये तुला स्पष्ट दिसतं की हा माझ्यापेक्षा दहापट भारी आहे तिथे तू एवढा चिडत नाहीस, दाद देतोस उलट. चिडतोस कधी, तर "हा काय खेळतो, ह्याला काही येत नाही, तरी जिंकला" असं वाटतं तेव्हा. त्याला काही येत नाही असं नसतं. त्याला एक गोष्ट येते आणि तिचं उत्तर तुझ्याकडे नसतं.

सुरुवातीला मला ड्राइव्ह इम्पॅक्टने वेडं केलं होतं. समोरचा रंग उडवत अंगावर येतो, माझे दोन फटके अंगावर झेलून तरी येतो, ब्लॉक केला तरी कॉर्नरला असले तर भिंतीवर आपटते. मी म्हणायचे हा चीप गेम आहे, बटण एक दाबायचं आणि जिंकायचं. मग एक दिवस भावाने विचारलं, ताई तो फटका लागायला किती वेळ लागतो माहितीये का? २६ फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम चालतात, म्हणजे पाव सेकंदाहून जास्त आणि अर्ध्या सेकंदाहून कमी. बघून आपलाही इम्पॅक्ट उलट मारायला तेवढा वेळ पुरतो, फक्त नजर आणि बोट तयार पाहिजे. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला मध्येच कधीतरी इम्पॅक्ट मारायला लावला आणि रोज दहा मिनिटं तेवढंच केलं. तीन आठवड्यांनी कोणी इम्पॅक्ट मारला की मला आनंद व्हायला लागला. तोच गेम, तेच बटण.

दुसरं, अंदाज चुकणं आणि निर्णय चुकणं यात फरक कर. तू खाली पडलास, समोरचा एकतर थ्रो मारणार नाहीतर फटका. तू फटका येणार म्हणून ब्लॉक धरलास आणि थ्रो आला, तर तो अंदाज चुकला, तसं अर्ध्या वेळेला होणारच, देव जरी खेळायला बसला तरी होणार. पण तू कॉर्नरमध्ये गेलास कसा? त्याआधी चार वेळा उडी मारलीस का? ड्राइव्हचे (खास फटक्यांना लागणाऱ्या ताकदीचे) सहाच्या सहा बार उधळून बर्नआउटमध्ये गेला होतास का? ते निर्णय. त्यांचा हिशोब ठेव, शेवटच्या अंदाजाचा नको ठेवू.

आता काम. हरलेल्या दहा मॅचचे रिप्ले काढ, जिंकलेले अजिबात बघू नको. एक साधी वही घे. प्रत्येक फेरीत सगळ्यात मोठं नुकसान कशाने झालं एवढंच लिही, बाकी टीका नको, स्वतःला शिव्या नकोत. दहा झाले की इथे येऊन सांग काय निघालं. आणि ते होईपर्यंत रँक्ड, म्हणजे पॉइंट लावून खेळायच्या मॅच, बंद.

कुर्ला_जिन

ताईंचं बाकी सगळं बरोबर पण रँक्ड बंद हे मला पटत नाही. पॉइंट लपवून ठेवल्याने भीती जात नाही, ती तिथेच बसून राहते आणि महिन्याभराने परत रँक्ड लावलं की हात तसेच थरथरतात. मी हे करून बघितलंय.

मी टेकन ८ वाला, जिन खेळतो. भावा मला आजही राग येतो. परवा आला, उद्याही येईल. हरणं स्वीकारा म्हणजे काही वाटून घेऊ नका असं कोणी सांगत असेल तर त्याला खेळाची भूक नाही एवढंच मी म्हणेन. फक्त राग कंट्रोलरवर काढायचा नाही आणि घरच्यांवर तर नाहीच नाही. टेकन ८ मध्ये रिप्ले चालू असताना मध्येच थांबवून आपला प्लेयर हातात घेता येतो, ज्या जागी मार खाल्ला तिथूनच परत खेळून बघायचं, हे नाही तर ते करून बघ, ते नाही तर तिसरं. मी चिडलेलो असतो तेव्हाच हे सगळ्यात चांगलं होतं माझ्याकडून. थंड झालो की आळस येतो.

आणि एक काम कर, घरात बसून नुसतं ऑनलाइन नको खेळू. लोकल टूर्नामेंट किंवा कोणाच्या घरी चार जण जमत असतील तिथे जा. मी पहिल्यांदा गेलो ते पवईला एका कॅफेत, ३२ जण होते. सरळ ०-२, अर्ध्या तासात बाहेर. बॅग उचलून निघणार तर शेजारचा म्हणाला कुठे चाललास, बस, आता तर खेळायला सुरुवात होईल. रात्री साडेदहापर्यंत साध्या मॅच खेळलो त्याच लोकांशी, ज्याने मला काढलं त्याने स्वतः बसून दाखवलं की माझी कुठली स्ट्रिंग (फटक्यांची ठरलेली ओळ) कुठे खाली वाकून तोडायची. शेवटची गाडी पकडताना लक्षात आलं की डबल एलिमिनेशनमध्ये ३२ पैकी ३१ जण दोनदा हरूनच घरी जातात. एक सोडून सगळे. मग मी कसली लाज वाटून घेत होतो?

मोठ्या लोकांचं बघ. २००४ च्या इव्होमधली, म्हणजे अमेरिकेतल्या फायटिंग गेमच्या मोठ्या टूर्नामेंटमधली, दाईगो या जपानी प्लेयरची ती क्लिप सगळ्यांनी पाहिली असेल, जस्टिन वाँगच्या चुन-लीचा सुपर, दाईगोच्या केनकडे नखाएवढी लाइफ, ब्लॉक केला तरी मेला असता, आणि त्याने १५ च्या १५ फटके पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी अडवून लाइफ जाऊच दिली नाही. बहुतेकांना वाटतं तो ती टूर्नामेंट जिंकला. नाही जिंकला. ती लूजर्सची, म्हणजे एकदा हरलेल्यांची, फायनल होती आणि त्यानंतर ग्रँड फायनलला तो हरला. वीस वर्षं झाली, लोक ती क्लिप बघतात.

टेकन खेळणाऱ्या अर्सलान ॲशचंही तेच. लाहोरचा पोरगा, २०१९ च्या आधी बाहेर कोणाला नावही माहीत नव्हतं, त्या एका वर्षात जपानची इव्हो आणि लास वेगासची इव्हो दोन्ही मारल्या. आणि जिंकल्यावर सांगत काय होता तर आमच्याकडे माझ्यासारखे अजून आहेत. म्हणजे तो घरी रोज त्यांच्याकडून मार खात होता ना! मग कोरियाचा नी, टेकनमधला केवढा मोठा माणूस, तो मुद्दाम पाकिस्तानात गेला त्या पोरांशी खेळायला. जिथे आपण हरू तिथे तिकीट काढून जायचं, हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं होतं.

आणि वायफायवर खेळतोस का? तसं असेल तर आधी लॅमिंग्टन रोडवरून लांब केबल आण. समोरच्याला तुझं वायफायचं चिन्ह दिसतं आणि बरेच जण मॅचच घेत नाहीत.

दादरकर७९

मी वयाने तुमच्यात मोठा आहे, माझा मुलगा हा गेम खेळतो, त्याच्या नादाने मीही संध्याकाळी बसतो. रँक विचारू नका, पण या विषयावर मला बोलायचं आहे कारण बोरिवलीच्या पोराने लिहिलेलं वाचून मला माझे दिवस आठवले.

आमच्या वेळेला घरी मशीन नव्हतं. दादरला स्टेशनजवळ एक पार्लर होतं, अंधारी खोली, दाराला पडदा, आत सहा मशीन, उन्हाळ्यात उभं राहवत नसे. शाळेचा युनिफॉर्म घालून आलेल्यांना मालक हाकलायचा म्हणून दप्तरात दुसरा शर्ट ठेवायचो. एका मशीनवर मुस्तफा, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, त्याचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं, आणि कोपऱ्यात किंग ऑफ फायटर्स ९७. एक रुपयाला एक टोकन. जिंकणारा खेळत राहणार, हरणारा उठणार आणि लाइनीच्या शेवटी जाणार. आपला नंबर लागावा म्हणून टोकन स्क्रीनखालच्या पट्टीवर ओळीत ठेवायचे.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. हरल्यावर मला पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागायचं. खिशात फार तर अजून एक रुपया, तो घाईत घालवायची हिंमत नाही. मग करणार काय, ज्याने मला हरवलं त्याच्या खांद्यावरून बघत राहायचं. तो दुसऱ्याशी कसा खेळतो, तिसऱ्याशी कसा खेळतो. माझ्याशी मारलेली खोडी त्याने दुसऱ्याशीही मारली की कळायचं की ही त्याची सवय आहे, माझ्यावर खास राग नाही. पाचव्या माणसाने त्या खोडीचं उत्तर दिलं की ते फुकट शिकायला मिळायचं. आणि तोपर्यंत डोकं आपोआप थंड झालेलं असायचं.

तिथे इओरी खेळणारा एक कॉलेजचा मुलगा होता. मी महिनाभर त्याच्याकडून हरलो, म्हणजे महिन्याचा सगळा पॉकेटमनी त्याच्यावर गेला म्हणा ना. एक दिवस माझी लाइन संपून मी त्याच्या शेजारी उभा राहिलो तर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "तू उडी मारायच्या आधी दोन पावलं मागे जातोस." बस, एवढंच. मी घरी जाताना पूर्ण रस्ता, प्लाझापासून पोर्तुगीज चर्चपर्यंत, हाच विचार करत गेलो की मी खरंच मागे जातो का. जात होतो. दुसऱ्या दिवशी दोन पावलं मागे गेलो आणि उडी मारलीच नाही, तो वर फटका मारून बसला हवेत, आणि मी धावत जाऊन त्याला धरला. हरलो तरी शेवटी. पण त्याने वळून बघितलं माझ्याकडे, पहिल्यांदा.

आता माझ्या मुलाचं बघतो. हरला की तीन सेकंदात परत मॅच. परत हरला, परत मॅच. मधली लाइनच गेली. हरल्यावर उभं राहायची जागाच राहिली नाही कुठे. बोरिवलीकर, त्या रात्री तुझ्या ११ मॅच झाल्या, पण मला वाटतं तू एकच मॅच अकरा वेळा हरलास. प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर उठून गॅलरीत जा, पाणी पी, दहा मिनिटं दुसऱ्या कोणाची तरी मॅच बघ, मग ये. रात्रीत अकराऐवजी पाचच होतील, होऊ देत.

वयाचं म्हणाल तर २०२३ च्या हांगझोऊ एशियाडला स्ट्रीट फायटर ५ मेडलचा खेळ होता, कोरियाच्या किम ग्वान-वूने गोल्ड घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. फायनल ४-३. मी मुलाला उठवून दाखवली होती ती मॅच.

बोरिवली_रयू

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. आईला सॉरी म्हटलं. ती म्हणाली मला गेमचं काही नाही रे, तुझा चेहरा बघून भीती वाटली.

काका, एकच मॅच अकरा वेळा हरलास हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. वायफायच आहे, केबल आणतो. रिप्ले आजपासून. रँक्ड बंद ठेवू की नको यावर ताई आणि दादा तुमचं ठरलं की सांगा.

मुलुंडची_गीफ

आमचं ठरणार नाही. 🙂

पण कुर्ल्याचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. कायमचं बंद नको. मी बंद म्हणाले कारण त्याचा पॉइंटकडे बघायचा हात आवरत नाहीये, दोन आठवडे लांब राहिला की रिप्ले बघायची सवय लागेल, मग जाऊ दे ना परत. भीतीत खेळायचं शिकायचंय हे खरं, पण काय खेळायचं हेच माहीत नसताना नुसत्या भीतीत बसून काय शिकणार?

काकांची लाइन मात्र मी आजपासून पाळणार, माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

मैदानवाला

मला या गेमचं ओ की ठो कळत नाही, रूममेट खेळतो त्याने लिंक पाठवली. पण अंदाज आणि निर्णय हे जे ताईंनी लिहिलंय त्यावर राहवलं नाही.

मी कांगा लीग खेळतो, खालच्या डिव्हिजनला. १९४८ पासून चालू आहे ही लीग, भर पावसाळ्यातली, आझाद मैदान, क्रॉस मैदान, सगळीकडे चिखल. पिच ओलं, बॉल कधी गुडघ्याला कधी डोक्याला, आउटफिल्डला गवत एवढं की जमिनीवरून मारलेला चांगला ड्राइव्ह पंधरा यार्डांवर अडकून बसतो. तिथे चांगले चांगले बॅट्समन ४ नाहीतर ६ करून परत येतात. पहिल्या वर्षी मी पाच इनिंगमध्ये मिळून १९ रन केले आणि किट विकायला काढलं होतं. आमचे कोच रन विचारायचेच नाहीत. टेंटमध्ये आलो की विचारायचे, "सोडायचा बॉल सोडलास का?" त्याचं उत्तर हो असेल तर ० वर आउट झालो तरी पुढच्या रविवारी नाव लिस्टमध्ये. आणि एकदा मी २७ केले, तीन कॅच सुटल्यावर, तर मला बाहेर बसवला. तेव्हा फार राग आला होता त्यांचा. आता खालच्या पोरांना मीच हा प्रश्न विचारतो.

कुर्ला_जिन

सोडायचा बॉल सोडलास का. हे मी माझ्या मॉनिटरवर चिकटवतोय.

बोरिवली_रयू

तीन आठवडे झाले, सांगितल्याप्रमाणे हिशोब द्यायला आलोय.

दहा हरलेल्या मॅच बघितल्या. पहिल्या दोन बघताना पोटात कसंतरी होत होतं, तिसरीपासून जरा बाहेरच्या माणसासारखं बघता यायला लागलं. वहीत "सगळ्यात मोठं नुकसान" लिहीत गेलो, इनपुट (कुठलं बटण कधी दाबलं ते) दाखवायचं चालू ठेवून, हळू करून. दहापैकी सात मॅचमध्ये तेच. खाली पडून उठताना मारलेला ओडी (ड्राइव्हचे बार खर्चून मारायचा जोरदार) श्योर्युकेन, समोरच्याने ब्लॉक केलेला, आणि त्यावर पनिश काउंटरचा (चुकीची शिक्षा म्हणून जास्त लागणारा) पूर्ण कॉम्बो.

मला वाटत होतं मी विचार करून मारतो. इनपुटची पट्टी बघितली तर अजूनच वाईट. पुढे, खाली, खाली-पुढे हे मी जमिनीवर पडलेला असतानाच सुरू केलेलं असतं, समोरचा जवळ आलाय की लांब उभा आहे हे बघायच्याही आधी. एका मॅचमध्ये तर तो अर्धी स्क्रीन लांब होता, माझ्याकडे येतही नव्हता, आणि मी हवेत. आणि दर वेळी त्याच्या आधी एक-दोन थ्रो खाल्लेले. म्हणजे थ्रो बसला की मला सहन होत नाही आणि अंगठा आपोआप फिरतो. त्या केनलाही हेच दिसलं होतं, पहिल्या फेरीत एकदा बसला त्याला, दुसऱ्या फेरीत तो निवांत वाट बघत उभा होता. असं खेळणाऱ्यांना मी दोन महिने चीप म्हणत होतो. ते मला वाचत होते.

मग ताईंनी सांगितलं तसं डमी लावली. एका रेकॉर्डिंगला थ्रो, एकाला फटका, एकाला नुसता ब्लॉक धरून उभा, काय येणार ते मला माहीत नाही. उठताना अंगठा मागे-खाली धरून ठेवायचा, बाकी काही नाही. पहिले चार दिवस अंगठा ऐकतच नव्हता, खरंच हाताला घाम यायचा नुसत्या डमीसमोर. दहा दिवसांनी जरा जमलं, थ्रो दिसला की तोडायचा हेही मधूनमधून जमायला लागलं.

रँक्ड पंधरा दिवस बंद ठेवलं, मग चालू केलं, तर तुमचं दोघांचंही ऐकल्यासारखं झालं. नियम एकच, या महिन्यात उठताना श्योर्युकेन नाही. काहीही होवो. पहिल्या आठवड्यात पॉइंट अजून खाली गेले, थ्रो खाऊन खाऊन मेलो, पण घरात आवाज झाला नाही. हरल्यावर गॅलरीत जातो, समोरच्या बिल्डिंगमध्ये एक काका रोज त्याच वेळी फोनवर बोलत फेऱ्या मारत असतात, त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या की आत येतो.

काल रात्री परत एक केन लागला, तो नाही, दुसरा. कॉर्नरमध्ये एक थ्रो, दुसरा थ्रो. पडलो, मागे-खाली धरलं. आणि तो काहीच करेना. उभा राहिला ब्लॉक धरून, माझ्या श्योर्युकेनची वाट बघत. एक क्षण आम्ही दोघं नुसते समोरासमोर. मी पुढे एक पाऊल टाकलं आणि त्याला उचलून कॉर्नरमध्ये फेकला. एवढ्या मोठ्याने "हां!" म्हणालो की आई परत उठून आली, म्हणाली जिंकलास का? म्हटलं नाही, सेट २-१ ने गेला, पण ये, दाखवतो तुला काय झालं ते. रिप्ले लावला. ती डोळे बारीक करून बघत होती, म्हणाली पांढऱ्या कपड्यातला तू ना, मग तो लालवाला थांबला का? मी म्हटलं तेच तर.

अजून प्लॅटिनम १ लाच आहे. आता दुसरं पान उघडलंय वहीत, लांबून येणाऱ्या उड्या मला दिसतात पण हात उशिरा जातो, खाली बसून जोरदार पंच मारायचा तो वेळेत निघत नाही.

मुलुंडची_गीफ

उड्यांसाठी डमी कशाला, मी आहे ना. शनिवारी रात्री दहानंतर बॅटल हबला (गेममधल्या ऑनलाइन जमायच्या जागी) ये, आधी दहा मॅच जिंकेल तो जिंकला असा सेट खेळू. गीफ उड्या मारणारच, त्याशिवाय तुझ्या हडोकेनमधून जवळ येणार कसा. केबल आणलीस ना?

बोरिवली_रयू

१५ मीटर, हॉलपासून किचनच्या दारावरून. येतो.

दादरकर७९

मुलाला आणि मला बघायला जागा ठेवा. हरणाऱ्याच्या मागे उभे राहू.